भंगारातली जीप आणि न लिहिलेला इतिहास

‘संशोधनाला विषयच सापडत नाही’, अशी तक्रार पेटची तयारी करणारे बरेच जण करतात. मीही करायचे. आज तुमच्यासमोर एक विषय ठेवते, जो इंदापूर तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये चौदा-पंधरा वर्षं पडून आहे. चौकोनी पाइपांची एक चेसिस, तिला रिक्षाची तीन चाकं (चौथं कुणीतरी नेलं) आणि गंजलेलं स्टिअरिंग. मी शाळेत असताना एका उन्हाळ्याच्या सुट्टीत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी आणि मी मिळून ही गाडी करायला घेतली होती. पावसाळ्यात काळ्या रानातून वैरण आणि पाइप आणता यावेत, एवढंच तिचं काम. ती तीनदा चालली. तिसऱ्यांदा इंजिन जाम झालं आणि आमचा प्रकल्प संपला.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी, इतिहासाची नाही. पण पीएच.डी. करताना एक गोष्ट कळत गेली. कुठल्याही वस्तूचा इतिहास लिहायचा तर तीन साधे प्रश्न विचारायचे. माल कुठून आला? हाताला काम कुणी शिकवलं? आणि परवानगी कुणी दिली किंवा नाकारली? हे तीन प्रश्न घेऊन आज आपण एका खऱ्या, सगळ्यांना माहीत असलेल्या गाडीकडे बघू. मग परत शेडकडे येऊ.

देवराष्ट्रेची गाडी

डिसेंबर 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची गाडी देशभर गाजली. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. पण त्या आठवड्यात ते एका छोट्या जीपसाठी ओळखलं गेलं. मुलाला चारचाकी हवी होती आणि नवी घेण्याची ऐपत नव्हती. लोहारांचा लोहारकामाचा व्यवसाय. त्यांनी दुचाकीचं इंजिन, रिक्षाची चाकं आणि जुन्या गाड्यांचे भाग जमवून सुमारे 60 हजार रुपयांत जीपसारखी दिसणारी गाडी उभी केली. ती सुरू व्हायची किक मारून! चारचाकीला किक मारणारा माणूस बघून लोक हसले आणि लगेच थक्कही झाले.

आनंद महिंद्रा यांनी त्या गाडीचा व्हिडिओ ट्विटरवर टाकला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी देऊ केलं की, या गाडीच्या बदल्यात आपण लोहारांना नवी बोलेरो देऊ. कारणही त्यांनी सांगितलं होतं: ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या स्थानिक अधिकारी ती रस्त्यावरून थांबवतील. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली.

बातमी इथे संपते. संशोधन इथून सुरू होतं. बहुतेक बातम्यांनी या गाडीला ‘जुगाड’ म्हटलं. हा शब्द कौतुकाचा वाटतो खरा, पण त्यात एक खोट आहे. जुगाड म्हटलं की वाटतं, हाताशी आलं ते जोडलं आणि नशिबानं चाललं. तसं होतं का? तपासून बघू.

100 सीसीचं इंजिन जीप ओढेल का?

आता थोडं गणित करू. खालचे आकडे लोहारांच्या गाडीचे नाहीत. अशा कुठल्याही गाडीसाठी मी धरलेले आहेत. दावा आधी अंदाजी आकड्यांनी तपासायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

गाडी आणि चार माणसं मिळून 500 किलो धरा. कच्च्या रस्त्यावर चाकांना होणारा विरोध वजनाच्या 5 टक्के धरला, तर तो सुमारे 245 न्यूटन. त्यात दहाला एक असा चढ आला तर आणखी 490 न्यूटन. एकूण 735. 100 सीसीचं साधं इंजिन साधारण साडेपाच किलोवॉट शक्ती देतं. चेन-गिअरमध्ये चौथा हिस्सा गेला असं धरलं, तर चाकापर्यंत पोहोचते चार किलोवॉटच्या आसपास. 4,100 भागिले 735 म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, ताशी 20 किलोमीटर. म्हणजे चढावरही गाडी सायकलच्या वेगानं जाईल. शक्ती पुरते.

खरी अडचण असते ती पीळ देण्याची, ज्याला आपण टॉर्क म्हणतो. हे इंजिन साधारण 8 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. घट वजा करता 6. चाकाची त्रिज्या 22 सेंटिमीटर असेल, तर चढावर चाकाला लागतो 735 गुणिले 0.22, म्हणजे 162. याचा अर्थ इंजिन आणि चाक यांच्यामध्ये 27 पटींचं गिअर हवं. मोटारसायकलच्या पहिल्या गिअरमध्ये एकूण घट तिसाच्या पुढे असते. म्हणजे जमलं!

आता हेच गणित 30 सेंटिमीटर त्रिज्येच्या मोठ्या चाकाला लावा. लागणारी घट होते जवळपास 37. म्हणजे मोटारसायकलचं गिअर काठावर येतं, चढावर इंजिन गुदमरतं. आलं लक्षात? रिक्षाचं छोटं चाक हे केवळ ‘स्वस्त मिळालं’ म्हणून बसवलेलं नसतं. तेच तिथं बरोबर बसतं. कारागिरानं कागदावर भागाकार केलेला नसतो, पण ‘मोठं चाक लावलं तर चढाला दम टाकते’ हे वाक्य त्याच भागाकाराचं उत्तर आहे. याला जुगाड म्हणणं म्हणजे डिझाइनला नाव न देणं.

पहिला प्रश्न: माल कुठून आला?

जीप हा प्रकारच मुळात घाईतून आणि तयार भागांतून जन्मला. जुलै 1940 मध्ये अमेरिकन लष्करानं हलक्या टेहळणी गाडीसाठी 135 कंपन्यांना विचारणा केली. नमुना 49 दिवसांत हवा होता. बँटम नावाच्या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीनं कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावलं आणि 23 सप्टेंबर 1940 ला गाडी वेळेत पोहोचवली. इतक्या कमी वेळात सगळं नव्यानं घडवणं शक्यच नव्हतं. बाजारात तयार मिळणारे भाग जमेल तिथे घेतले गेले. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी युद्धात सहा लाखांवर जीप बनवल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि ‘जीप’ हा शब्द मराठीत कायमचा आला.

मग आपल्याकडचा माल कुठला? बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा तीनचाकी ‘ॲपे’चा कारखाना आहे. ही गाडी मूळची इटलीतली, 1948 ची. युद्धानं मोडलेल्या देशात स्वस्तात माल वाहायला स्कूटरच्या पुढच्या भागाला मागे दोन चाकं आणि हौदा जोडला, ती ॲपे. कल्पना करा: लोहारांच्या शेडमध्ये आणि इटलीतल्या कारखान्यात विचार एकच होता. दुचाकीचं काळीज आणि जास्त चाकं.

गावात रिक्षा वाढल्या की पंधरा वर्षांनी रिक्षांचं भंगार वाढतं. मोटारसायकली वाढल्या की इंजिनं भंगारात येतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फेरी मारा. कुठल्या दशकात लोक काय चालवत होते, हे ढिगाऱ्यांवरून सांगता येतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दप्तरखाना जसा, तसा या विषयाला भंगारबाजार.

दुसरा प्रश्न: हाताला काम कुणी शिकवलं?

बारामती-इंदापूर भागात घरटी नाही, तरी गल्लीगणिक एक वेल्डर किंवा फिटर सापडतो. हे असंच झालेलं नाही. ही साखळी बघा.

1876-78 च्या दुष्काळानंतर सरकारनं पाटबंधाऱ्याची कामं हाती घेतली आणि 1880 च्या दशकात नीरा डावा कालवा झाला. कालव्याचं पाणी बारामती-इंदापूरच्या रानात आलं. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाना. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर 1930 च्या दशकात साखर कारखाना उभारला. तेच आजचं वालचंदनगर. कारखाना म्हटला की मिल, बॉयलर, पंप, गिअरबॉक्स आले. ते दुरुस्त करायला लेथ आणि फिटर आले. पुढे वालचंदनगरनं साखर कारखान्यांची यंत्रसामग्री स्वतः बनवली आणि तिथल्या वर्कशॉपमधून इस्रोच्या अग्निबाणांचे भागही गेले. नंतर भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर इथे सहकारी कारखाने झाले. प्रत्येकाच्या वर्कशॉपमध्ये पिढ्यान्‌पिढ्या माणसं शिकत गेली. माझे अण्णा त्यांतलेच एक. त्यांच्याकडे आयटीआयचं प्रमाणपत्र नव्हतं. ‘उस्तादानं पाना फेकून मारला, तसं शिकलो’ असं ते सांगतात.

सांगलीकडची साखळी वेगळी, पण जातकुळी तीच. देवराष्ट्रेपासून फार लांब नाही ती किर्लोस्करवाडी. बेळगावात सायकलचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. 1910 मध्ये औंध संस्थानात त्यांनी वसाहत वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आले आणि त्यांच्या काळात डिझेल इंजिनाचा मोठा उद्योग पुण्यात उभा राहिला. बापानं हातानं शिकलेलं आणि मुलानं पुस्तकातून शिकलेलं एका शेडमध्ये आलं की काय होतं, याचं महाराष्ट्रातलं हे सर्वांत ठळक उदाहरण.

पुणे जिल्ह्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाच धागा शाळेत आणण्यासाठी. हातानं काम करत शिकायचं, ही तिथली पद्धत. तिथे कमी खर्चाचा छोटा ट्रॅक्टरही तयार झाला. 2002 मध्ये एमआयटीच्या सहकार्यानं तिथे फॅब लॅब आली. एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. म्हणजे ‘घरी गाडी बनवणं’ हा वेडेपणा नाही, शिक्षणाचा एक मार्ग आहे, हे मानणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात होती. आज अभियांत्रिकीची मुलं बाहा स्पर्धेसाठी खडकाळ वाटेवर चालणाऱ्या गाड्या बनवतात. तिथं मात्र गाडीइतकाच महत्त्वाचा असतो तिचा अहवाल. अण्णांच्या आणि त्या मुलांच्या कामातला मोठा फरक मला हाच दिसतो.

तिसरा प्रश्न: परवानगी कुणाची?

इथे गोष्ट अवघड होते. मोटार वाहन कायदा 1988 नुसार नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. कलम 52 नुसार गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही. आणि 1989 च्या नियमांतला नियम 126 सांगतो की, उत्पादकानं गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायचा. पुण्याची एआरएआय आणि अहमदनगरची व्हीआरडीई (आताचं अहिल्यानगर) या त्यांतल्या दोन संस्था. मोठ्या कंपनीला हा खर्च हजारो गाड्यांवर वाटता येतो. एकच गाडी करणाऱ्या बापलेकांना कसा झेपेल? उत्तर भारतात पंपाच्या इंजिनावर चालणारे ‘जुगाड’ गावोगाव दिसायचे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेही कायद्याच्या व्याख्येनुसार मोटार वाहनच आहे, असं स्पष्ट केलं. म्हणजे नोंदणी, विमा, परवाना सगळं लागू.

परवानगीची ही अडचण फक्त गरिबांची नाही, हेही बघा. सर विश्वेश्वरय्यांनी 1930 च्या दशकात भारतात मोटारीचा कारखाना काढण्याची योजना मांडली. वालचंद हिराचंद त्यात उतरले, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करारही केला. पण युद्धकाळातल्या ब्रिटिश सरकारनं साथ दिली नाही. शेवटी 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. कळंबच्या माळावर साखर पिकवणाऱ्या माणसालासुद्धा मोटारीसाठी इतकी वाट बघावी लागली.

मग कायदा चूक आहे का? मला तसं म्हणता येत नाही, आणि तुम्हीही घाईनं म्हणू नका. पुन्हा आकडे घ्या. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. ब्रेक बरे असतील तर गाडी साधारण 13 मीटरमध्ये थांबते. ब्रेक निम्मेच लागले तर 25 मीटर. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गेलेलं एका सेकंदाचं अंतर वेगळं, आणखी 11 मीटर. आता हंगामात इंदापूर रस्त्यावर संध्याकाळी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा. तपासणीचा नियम कुणाच्या तरी लेकरासाठीच केलेला असतो. एकच गाडी करणाऱ्याला परवडेल अशी तपासणीची वाट असावी, असं मला वाटतं. पण तपासणी नसावी, असं नाही.

पुन्हा शेडमध्ये

आता आमच्या गाडीकडे येते. ती का बंद पडली? त्या वेळी अण्णा म्हणाले, ‘इंजिनच भंगार होतं.’ मीही तसंच धरलं. एम.एस्सी.ला उष्णतेचा विषय शिकताना अचानक ट्यूब पेटली. मोटारसायकलचं इंजिन वाऱ्यानं थंड होतं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग कामाला येतो, बाकीची उष्णता होते. ती न्यायला धावत्या गाडीचा वारा लागतो. आम्ही ते इंजिन पत्र्याच्या बॉनेटखाली कोंडलं, वर चिखलात पहिल्या गिअरवर चालवलं. वारा नाही आणि फेरे भरपूर. इंजिन चांगलं होतं. आम्ही त्याचा श्वास कोंडला होता. रिक्षाच्या इंजिनाला पंखा असतो तो उगाच नाही.

शिवाय मागचा शाफ्ट एकसंध होता. डिफरन्शिअल नसल्यामुळे वळताना आतलं चाक फरफटायचं आणि चेन उतरायची. आम्ही दर वेळी चेनलाच शिव्या दिल्या.

गेल्या दिवाळीत मी वही घेऊन अण्णांसमोर बसले. मागचं दातेरी चक्र किती दातांचं होतं? पहिल्या दोन खेपांना गाडी किती लांब गेली? चेसिसला मधला आडवा पाइप नंतर का टाकला? अण्णांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, ‘अगं, ते सगळं भिंतीवर लिहिलं होतं की खडूनं.’ त्या भिंतीला तीन वर्षांपूर्वी आम्ही रंग दिला. अण्णांचे हात आता थरथरतात, वेल्डिंग त्यांनी सोडलंय आणि विसरायलाही होतं. आमच्या गाडीचा दप्तरखाना आम्हीच पुसून टाकला.

तरी काही हाती लागलं. मी चेसिस मोजायला सुरुवात केली, तेव्हा अण्णा आपोआप जवळ आले. माप आठवत नव्हतं, पण जोडाला हात लावल्यावर ते म्हणाले, ‘हा जोड तू मारलेला, बघ किती फुगलाय. आणि हा आडवा पाइप, पहिल्या खेपेला फ्रेम पिळली म्हणून टाकला.’ खुर्चीत बसून न आठवलेलं वस्तूला हात लागताच आठवलं. मुलाखतीचं तंत्र पुस्तकात वाचलं होतं, ते त्या दिवशी कळलं: कारागिराची मुलाखत त्याच्या वस्तूजवळ घ्यायची.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्याही गावात कुणीतरी गाडी, फवारा, मळणी यंत्र असं काहीतरी घरी बनवलेलं असेल. बातमी आली तर ‘अजब जुगाड’ म्हणून येईल, आणि वर्षाभरात ती वस्तू भंगारात जाईल. त्याआधी जा. बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा. दात मोजा, चाकाची त्रिज्या घ्या, कुठला भाग कशातून काढला ते विचारा. काय फसलं आणि मग काय बदललं, हे तर नक्की विचारा. यशाची गोष्ट सगळे सांगतात, दुरुस्तीची कुणी विचारत नाही. परवानगी घेऊन नाव लिहा, नको म्हणाले तर लिहू नका. तारीख टाका. आणि त्याच रात्री टिपणं नीट उतरवून काढा.

आमच्या चेसिसचं मोजमाप आता वहीत आहे, पाच पानं. सहाव्या पानावर ‘दातांची संख्या’ असं लिहून पुढची जागा मोकळी ठेवली आहे. मूळ चक्र बहुतेक शेडच्या कोपऱ्यातल्या पोत्यात असेल, असं अण्णा म्हणतात. पुढच्या सुट्टीत ते पोतं आम्ही दोघं उपसणार आहोत.